बिनहिशोबी पाणी

चेन्नईच्या पेपरात एक लहानशी चौकट छापून येते. पुंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरंबाक्कम ही तलावांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे पूर्ण क्षमता, आजचा साठा, गेल्या वर्षी याच तारखेला असलेला साठा. मुंबईच्या वाचकाला ही चौकट नवी नाही. जून सरत आला आणि पावसाने ओढ दिली की तोही तानसा, विहार, तुळशी यांच्या आकड्यांवरून असंच बोट फिरवतो. पण मुंबईची काळजी जुलैच्या एखाद्या झोडपणाऱ्या आठवड्यात वाहून जाते. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतला. तो कधी वादळ होऊन येतो, कधी पाठ फिरवतो, त्यामुळे ती चौकट इथे बाराही महिने कामाची असते. आणि मार्च उजाडला, उकाडा अंगाला चिकटायला लागला, की त्याच पेपराच्या आतल्या पानांवर सहल कंपन्यांच्या जाहिराती येतात. त्यांतही तलाव असतो. इटलीतलं कोमो सरोवर: गडद निळं पाणी, काठावर फिकट पिवळी आणि गेरूच्या रंगाची घरं, मागे डोंगर, मधे पांढरी बोट. एका पानावर तलाव आकड्यांत, दुसऱ्यावर रंगांत. जाहिरातीतल्या तलावाखाली पाण्याची पातळी छापलेली नसते, आणि त्या सुटीची खरी किंमत आपण याच गोष्टीसाठी मोजतो असं मला वाटतं. ज्याचा हिशोब आपल्याला ठेवावा लागत नाही असं पाणी.

सुटी फक्त चार-पाच दिवसांची असली तरी तिची तयारी मात्र लांबलचक असते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि निघण्याआधी किमान पंधरा दिवस तो पोचलेला असावा लागतो. प्रौढांना ९० युरो शुल्क, शिवाय निदान तीस हजार युरोंचा प्रवासविमा, बँकेची स्टेटमेंट्स, नोकरीचं पत्र, हॉटेलचं आरक्षण. चेन्नईहून मिलान, वाटेत कुठेतरी विमान बदलून. मिलानच्या मुख्य स्टेशनवरून तासाभराच्या रेल्वेप्रवासावर वारेन्ना, आणि तिथून फेरीबोटीने समोरचं बेलाजिओ. मग घरातल्या घरात चर्चा सुरू होते. वारेन्नाला उतरावं की बेलाजिओला? वारेन्ना लहान, शांत आणि रेल्वेला लागून. बेलाजिओ ऐन मोक्यावर, तळ्याचे दोन फाटे फुटतात त्या टोकावर, आणि म्हणून गर्दीचं. मे महिना बरा की सप्टेंबर? खोलीतून पाणी दिसेल ना? या शेवटच्या प्रश्नावर खोलीचं भाडं एकदम चढतं. कुणी त्यात आणखी माहिती काढतो: सकाळी उत्तरेकडून ‘तिवानो’ वारा वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून ‘ब्रेव्हा’, त्या वेळा सांभाळून शिडाची बोट घ्यावी. सहल ठरवण्याचा हा काळ सहलीपेक्षा मोठा असतो आणि पुष्कळदा जास्त सुखाचा. त्यात मला काही वावगं दिसत नाही. मनाने आधी जाऊन येणं हीसुद्धा जाण्याचीच एक रीत आहे. फक्त या सगळ्या आखणीत एक प्रश्न कुणी विचारत नाही: पाण्याकाठी जाऊन आपल्याला नेमकं काय हवं आहे?

या प्रश्नाला कोमोच्याच एका जुन्या रहिवाशाने आडवळणाने उत्तर देऊन ठेवलं आहे. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक आणि वकील पहिल्या शतकात कोमोलाच जन्मला. तळ्याकाठी त्याचे अनेक बंगले होते आणि त्यांतल्या दोन आवडत्या बंगल्यांबद्दल त्याने एका मित्राला पत्रातून कळवलं आहे. एक बंगला उंच खडकावर, म्हणून त्याचं नाव त्याने ‘ट्रॅजेडी’ ठेवलं, कारण शोकनाट्यातले नट उंच तळव्यांचे जोडे घालत. दुसरा अगदी पाण्यालगत, त्याचं नाव ‘कॉमेडी’, सुखात्मिकेतल्या नटांच्या सपाट चपलांवरून. उंचावरच्या बंगल्यातून खाली मासे पकडणारे कोळी दिसतात, असं तो सांगतो. खालच्या बंगल्यात आपणच मासे पकडू शकतो, खिडकीतून गळ टाकून, जवळजवळ अंथरुणातूनच. प्लिनीला दोन्ही परवडत होते आणि तो दोन्हींची मजा घेत होता. आपल्या सहली मात्र बहुतेक वेळा उंचावरचा बंगलाच आरक्षित करतात. तिथून सगळं पाणी एका नजरेत दिसतं, पण पाण्यात हात बुडत नाही. त्या पाण्याशी कुणाचं काय चाललं आहे हे दिसतं न दिसतं इतकं ते अंतर असतं.

आणि तिथे बरंच काही चाललेलं असतं. कोमो सरोवर १४६ चौरस किलोमीटरचं, खोली चारशे मीटरहून जास्त. एवढ्या प्रचंड जलाशयाला माणूस काय करणार, असं चित्रावरून वाटतं. पण जिथून आद्दा नदी तळ्यातून बाहेर पडून पुढे जाते तिथे, ओल्जिनाते इथे, १९४६ पासून दरवाजांचा बंधारा आहे. त्या दरवाजांनी तळ्याची पातळी काही मर्यादेत उचलता आणि उतरवता येते, कारण खाली लोम्बार्डीच्या सपाट प्रदेशात भात आणि मका उभा असतो आणि वाटेत वीजकेंद्रं असतात. म्हणजे पर्यटक ज्या रेषेवर कॅमेरा रोखतो ती पाण्याची रेषा एका अर्थी शेतकऱ्यांच्या आणि वीजवाल्यांच्या वाटाघाटीत ठरलेली असते. पाऊस फार झाला की कोमो शहरातल्या कावूर चौकात तळं चढून येतं. २०२२ च्या उन्हाळ्यात उत्तर इटलीत दुष्काळ पडला तेव्हा काठ उघडे पडले, आणि पाणी तळ्यात ठेवावं की शेतांना सोडावं, यावरून तिथेही आपल्याकडच्यासारखीच ओढाताण झाली. तिथलं खास खाणं म्हणून पर्यटकाच्या ताटात जे येतं ते ‘मिसोल्तिनो’ म्हणजे तळ्यातला अगोने मासा, मीठ लावून, दोरीवर उन्हात वाळवून, मग डब्यात तमालपत्राच्या जातीची पानं घालून दाबून ठेवलेला. कोकणातल्या घराला सुक्या मासळीची ओळख करून द्यायला नको. ज्या गावात काठावर मासळी वाळत पडते, ज्या फेरीबोटीतून कामावर जाणारे, शाळेची मुलं आणि पर्यटक एकाच तिकीटखिडकीवरून चढतात, त्या तळ्याचं सौंदर्य नुसतं निसर्गाने दिलेलं नसतं. काठ वापरात राहिला म्हणून तो देखणा राहिला. बिनहिशोबी पाणी तिथेही नाही. हिशोब दुसरे लोक ठेवतात, एवढंच.

निव्वळ पाहण्यासाठी केलेलं तळं कसं असतं ते बघायला चेन्नईकराला समुद्र ओलांडायची गरज नाही. रात्रीच्या गाडीने कोडाई रोड स्टेशन, तिथून घाटाने वर कोडाईकनाल. तिथलं ताऱ्याच्या आकाराचं तळं मदुरैचे कलेक्टर व्हेर हेन्री लेव्हिंज यांनी १८६३ साली पाणथळ जागेतले ओढे अडवून करवलं. पहिली बोटही त्यांनीच तुतिकोरिनहून वर आणवली असं सांगतात. साठ एकरांचं ते पाणी कुणाच्या शेतासाठी अडवलं नव्हतं. ते साहेबांच्या डोळ्यांसाठी होतं, इंग्लंडची आठवण करून देणारं. उटीचं तळं त्याहून जुनं, जॉन सुलिव्हन यांच्या काळातलं, १८२० च्या दशकातलं. त्याचा काही भाग पुढे बुजवून तिथे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान झालं. महाबळेश्वरचं वेण्णा तळं मराठी माणसाने मधुचंद्राच्या फोटोंतूनच जास्त पाहिलेलं आहे, पण ते १८४२ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधवून घेतलं ते गावाच्या पाण्यासाठी, बोटींसाठी नव्हे. कोडाईकनालच्या तळ्याला असं काही काम नव्हतं. मग त्याचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या गाड्यांना ई-पास काढावा लागतो, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात कोडाईकनालसाठी रोज चार हजार, शनिवार-रविवारी सहा हजार गाड्यांची मर्यादा ठरली. एका लहानशा तळ्याच्या भोवती, डोंगरमाथ्यावर, दिवसाला सहा हजार गाड्या ही ‘मर्यादा’ आहे. त्याआधी काय होत असेल त्याची कल्पना यावरून करावी. काम नसलेल्या पाण्याला एकच काम उरतं, गर्दी सोसण्याचं.

माझं म्हणणं असं आहे की चेन्नईतून तळ्याकाठची सुटी आखणाऱ्याने आधी एरीकडे पाहावं. एरी म्हणजे या भागातलं गावतळं, शेतीसाठी चंद्रकोरीसारखा मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी. जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्यात अशी तळी हजारोंनी आहेत आणि खुद्द शहरही त्यांच्यावरच उभं आहे. नुंगमबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने पसरलेलं ‘लाँग टँक’ एकेकाळी इतकं मोठं होतं की त्यावर बोट क्लबच्या शर्यती होत. १९२० च्या दशकात ते बुजवून त्यागरायनगर वसलं. आज जिथे साड्या आणि सोनं घ्यायला सगळा तामिळनाडू लोटतो तिथे तेव्हा वल्ही चालत होती. शहराने आपलं कोमो स्वतःच्या हाताने भरून टाकलं आणि आता ते सहा महिने आधी अर्ज करून पाहायला निघालं आहे. हे नुसतं खोचक वाक्य म्हणून लिहीत नाही. बुजवलेल्या पाण्याने आपला हिशोब नंतर वसूल केला. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत चेंबरंबाक्कममधून सेकंदाला सुमारे २९,००० घनफूट पाणी अड्यार नदीत सोडलं गेलं आणि काठच्या वस्त्या छपरापर्यंत बुडाल्या. चारच वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, तेच तलाव तळाला गेले. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची पहिली पाणीगाडी पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन शहरात आली. ज्या माणसाने चार वर्षांच्या आत पाण्याची ही दोन्ही रूपं सोसली, तो सुटीत आकड्यांविना पाणी शोधत असेल तर त्याला हसता येत नाही.

तरीही एरी. डिसेंबर-जानेवारीतला एखादा दिवस घ्यावा. चेन्नईहून दक्षिणेकडे हमरस्त्याने ऐंशी-एक किलोमीटरवर मदुरांतकम. इथलं तळं चोळ राजाच्या नावाचं आणि परिसरातल्या मोठ्या तळ्यांपैकी एक. बांधालगत रामाचं देऊळ आहे, आणि त्या रामाचं नाव ‘एरी कात्त रामर’, तळं राखणारा राम. कथा अशी: १७९८ साली मुसळधार पावसात बांध फुटायच्या बेताला आला. जिल्ह्याचे कलेक्टर लायोनेल प्लेस रात्री पाहणीला गेले, तर बांधावर दोन तरुण धनुष्यबाण घेऊन पहारा करताना त्यांना दिसले. बांध टिकला, आणि साहेबांनी देवळात देवीच्या मंदिराचं रखडलेलं काम पुरं करून दिलं. कथा खरी की खोटी या वादात मला रस नाही. पण रामाला वनवास, युद्ध, राज्याभिषेक अशी सगळी कामं असताना या गावाने त्याला पाटबंधाऱ्याच्या पहाऱ्यावर नेमलं, यावरून त्या बांधावर गावाचं किती काय अवलंबून होतं ते कळतं. बांधावर चढून गेलं की सगळी यंत्रणा उघडी दिसते. मातीच्या बांधात बसवलेली मोरी, तिथून निघालेला पाट. बांधाच्या टोकाला दगडी सांडवा. सांडव्यावरून जास्तीचं पाणी फुकट जात नाही, ते खालच्या गावाच्या तळ्यात जातं, त्याचं उरलेलं आणखी खालच्या. खानदेशात पांझरेकाठी फड पद्धतीत पाटकरी ज्या नजरेने पाणी वाटतो, तीच नजर इथल्या नीरकट्टीची.

मदुरांतकमपासून जवळच वेडंतांगल. हेही तळंच, जेमतेम तीस हेक्टरांचं, पण पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर हिवाळ्यात पक्ष्यांच्या वसाहती होतात: चित्रबलाक, उघड्या चोचीचे बलाक, चमचे, पाणकावळे, रातबगळे, झोळीचोचीचे पेलिकन. इथे बांधावर जरा वेळ थांबावं, पळत पुढे जाऊ नये. एका हाताला पाणी आहे आणि झाडांची फांदी न् फांदी पांढऱ्या-गुलाबी पिसांनी वाकलेली. चित्रबलाकाची पिल्लं अंगाने मोठी झाली तरी घरट्यात बसून कर्कश ओरडत असतात. आईबाप गळ्यातून मासे घरट्यात ओकून टाकतात आणि त्यावर झोंबाझोंबी चालते. वास उग्र असतो, हे आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या हाताला, पाण्याच्या पातळीहून खाली, भातखाचरं. वरच्या झाडांवरून विष्ठा पाण्यात पडते, पाणी खतावतं, आणि तेच पाणी मोरीतून खाचरांत उतरतं. शेतकऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. गोरे शिपाई पक्ष्यांवर बंदुका चालवायला लागले तेव्हा गावाने कलेक्टरकडे तक्रार नेली आणि शिकारबंदीचा आपला हक्क मान्य करून घेतला. साल पुन्हा १७९८, कलेक्टर पुन्हा तेच लायोनेल प्लेस. अभयारण्य हा शब्द आपल्या सरकारी भाषेत रुळायच्या कितीतरी आधी पाटाच्या पाण्याच्या हिशोबातून एक अभयारण्य झालं होतं. २०२२ मध्ये त्याला रामसार पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. पक्षी बघायला आलेला माणूस आणि पाणी वळवायला आलेला माणूस इथे एकाच बांधावर चालतात. प्लिनीचा खालचा बंगला मला आपल्या बाजूला कुठे दिसत असेल तर तो इथे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदारही. सुटी म्हणजे काळजीतून सुटका. जो माणूस वर्षभर टँकरच्या फोननंबरांवर जगतो त्याला सुटीच्या दिवशीही मोरी आणि सांडवा दाखवायचा? चेन्नईच्या सौकारपेटेत सोन्याचांदीची गलाई करणारी मराठी कुटुंबं आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं पिढ्यांमागे दुष्काळाने गाव सोडून देशभर पांगली, त्यांतली काही इथेही आली. ज्यांच्या आजोबांनी पाण्यापायी गाव सोडलं त्यांनी चार दिवस निळ्याशार, अथांग, कुणाच्याही वाट्याला येऊन न संपणाऱ्या पाण्याकडे बघत बसावं, याहून न्याय्य चैन कोणती? मी हे मान्य करतो. एवढंच म्हणतो की काळजी आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टँकर येईल की नाही ही काळजी; पाणी कुठून येतं, कुठे जातं, वाटेत कुणाकुणाला शिवतं ही माहिती. पहिली थकवते, दुसरी पुष्कळदा उलट काम करते. दुष्काळी मुलखातला माणूस भरलेलं तळं पाहून जसा थांबतो तसा कोमोच्या काठावरचा कुठलाही पर्यटक थांबत नसेल, कारण ते पाणी कशाचं बनलेलं आहे हे पहिल्याला ठाऊक असतं. कोल्हापूरकराला रंकाळ्यावर संध्याकाळी नुसतं बसून जे सुख मिळतं, त्यात यंदा रंकाळा भरला का, पाण्यावर हिरवी साय आली का, याची चौकशी मिसळलेलीच असते. त्या चौकशीने संध्याकाळ बिघडत नाही.

दुसरा आक्षेप चिडून घेतला जातो: ज्यांना कोमो परवडत नाही त्यांनी मदुरांतकमचे गोडवे गावेत, द्राक्षं आंबट म्हणावीत, आणि एरीच्या काठावर आहे तरी काय? सावली नाही, बसायला जागा नाही, धड स्वच्छतागृह नाही, डास आहेत, नऊ वाजल्यानंतर ऊन टोचतं, आणि बाईमाणसाला एकटीने तिथे तासभर बसणं सोपं नाही. यातलं एकही विधान खोटं म्हणता येत नाही. वेडंतांगलला निरीक्षणमनोरा आहे, दुर्बिणी मिळतात, त्यामुळे तिथे निदान दिवस निभतो. साध्या एरीवर तेही नाही. कोमोच्या काठाची जी सोय आहे तिची बरोबरी होणार नाही, आणि कुणी तिकडे जात असेल तर जाऊ नये असं मी म्हणतच नाही. जावं, मिसोल्तिनो चाखावा, आणि जमलंच तर एक दुपार ओल्जिनातेचा बंधारा बघायला राखून ठेवावी, जी कुठल्याही सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते. पण सोय नाही म्हणून काठ टाकून द्यायचा, आणि काठ टाकलेला म्हणून तिथे सोय होत नाही, या फेऱ्यात शहराची कितीतरी तळी गेली. ज्या पाण्याकडे कुणी बघायला जात नाही त्याच्या काठी आधी राडारोडा पडतो, मग एक टपरी, मग नकाशात रस्ता. लाँग टँकच्या बाबतीत मधल्या पायऱ्यांचीही गरज पडली नाही. थेट नगररचनाच झाली.

तिसरा आक्षेप मात्र मला नीट परतवता येत नाही. समजा लोक खरंच एरीकडे वळले. मग काय होईल? कोडाईकनालला जे झालं तेच. बोटिंग येईल, मक्याच्या कणसांच्या गाड्या येतील, रविवारी बांधावर मोटारी चढतील, आणि मोरीजवळ चिप्सच्या पिशव्या अडकून पाट तुंबेल. पुलिकतच्या खारकच्छात मासेमारीच्या जागा ‘पाडू’ पद्धतीने चिठ्ठ्या टाकून आपसांत वाटून घेणाऱ्या कोळ्यांना रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांच्या बोटी म्हणजे वरकमाई की जाळ्यांत लुडबुड, हे त्यांनाच विचारावं लागेल. काम करणारं पाणी गर्दीपासून आपोआप सुरक्षित असतं असं मी सुचवत होतो; ते तेवढंसं खरं नाही. ते सुरक्षित राहतं ते त्यावर हक्क सांगणारं, तक्रार घेऊन कलेक्टरकडे जाणारं गाव शाबूत असेल तोवर. वेडंतांगलला तसं गाव होतं. शहर जसजसं दक्षिणेकडे सरकतं आहे, भातखाचरांचे प्लॉट पडत आहेत, तसतशी एरीच्या पाण्याची गरज असलेली माणसंच कमी होत चालली आहेत. ज्या तळ्याखाली शेत उरलेलं नाही त्याचा बांध राखायला कोण येणार? कदाचित तिथे मग फिरायला येणाराच हक्कदार होईल, आणि तळं वाचवण्याची वेळ आली तर बांधावर तोच उभा राहील. किंवा तो नुसता फोटो काढून निघून जाईल. दोन्ही शक्यता मला सारख्याच खऱ्या वाटतात.

म्हणून त्या डिसेंबरातल्या दिवसाचा शेवटचा टप्पा उत्तिरमेरूरला ठेवावा. परतीला थोडं आडवळण पडेल. तिथल्या वैकुंठ पेरुमाळ देवळाच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, दहाव्या शतकाच्या पहिल्या पावातले लेख आहेत. गावाच्या सभेने कोणकोणत्या समित्या नेमायच्या ते त्यांत कोरलेलं आहे, आणि त्यांत तळ्याची वेगळी समिती आहे, ‘एरी वारियम’. उमेदवार पस्तीस ते सत्तर वयाचा, करपात्र जमीन असलेला, स्वतःच्या जागेवर घर असलेला हवा. आधी समितीवर राहून हिशोब न दिलेला माणूस बाद, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही बाद. नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घड्यात टाकायची आणि एका लहान मुलाकडून काढवून घ्यायची. ही सभा ब्राह्मण जमीनदारांची होती, बांधावर माती टाकणाऱ्याची चिठ्ठी त्या घड्यात कधी पडली नाही, हे विसरून तिला लोकशाहीची गंगोत्री म्हणण्याची आजकाल फॅशन आहे. तेवढं मी म्हणणार नाही. पण तळ्याचा हिशोब न देणाऱ्याच्या मेव्हण्यालाही घरी बसवण्याची कल्पना मला भारी आवडते. आज मदुरांतकमच्या बांधावर दोन बाक टाकायचे ठरले, एक पक्षी बघणाऱ्यांसाठी आणि एक पाट सोडून दमलेल्यासाठी, तर ते पाटबंधारे खात्याने टाकायचे, की पर्यटन खात्याने, की देवळाच्या ट्रस्टने, की पंचायतीने, यावर किमान दोन वर्षं पत्रव्यवहार चालेल. आणि तेवढ्यात कुणीतरी न विचारता तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून चहा विकायला लागलेलं असेल.